दिव्यांचा हिशेब

डिसेंबर लागला की नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं, आणि अधिवेशन भरलं की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेड लागतात. मोर्चे तिथवर येतात आणि थांबतात. अंगणवाडीसेविका येतात, विनाअनुदानित शिक्षक येतात, आणि गेली काही वर्षं पीएच.डी. करणारी मुलंमुलीही हमखास येतात. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी कुणाची तरी फेलोशिप थकलेली असते, नाहीतर जागांना कात्री लागलेली असते. २०२३च्या अधिवेशनात हा विषय विधान परिषदेत निघाला आणि तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार?’ असा प्रश्न बाहेर पडला. मग निषेध झाले, खुलासे झाले, व्हॉट्सअॅपवर चित्रं फिरली. प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला. तो एकट्या मंत्र्याचा नव्हताच. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी कुणीतरी विचारलेला असतो. सभागृहात तो माइकवर आला, एवढंच.

मला त्या प्रश्नापेक्षा त्याला दिल्या जाणाऱ्या उत्तरांचा जास्त त्रास होतो. एक बाजू म्हणते, करदात्याच्या पैशावर असले विषय कशाला? दुसरी बाजू दुखावते आणि सांगू लागते की आमच्याही विषयाचा समाजाला उपयोग आहे हो. भाषेचा अभ्यासक म्हणतो, यातून रोजगार निघेल. इतिहासवाला म्हणतो, पर्यटन वाढेल. आठ पायांच्या कोळ्यांवर काम करणारी मुलगी बिचारी ‘कीडनियंत्रण’ हा शब्द कुठे बसतो का ते शोधत बसते. म्हणजे भांडणाऱ्या दोघांनीही तराजू एकच धरला आहे, वाद चाललाय तो फक्त वजनाचा. माझं म्हणणं असं की तराजूच चुकीचा आहे. संशोधनाला विचारायचा पहिला प्रश्न ‘याचा उपयोग काय’ हा नव्हे. ‘हे खरं आहे का, आणि तुला ते कसं कळलं’ हा तो प्रश्न. हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी निर्दय आहे. त्याच्यापुढे आपले अर्धेअधिक प्रबंध टिकणार नाहीत. म्हणून तर तो विचारायचं आपण सगळ्यांनी मिळून टाळलं आहे.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. आपल्याकडच्या पीएच.डी.मध्ये कचरा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. पदवी नोकरीशी आणि पदोन्नतीशी बांधली गेली तेव्हा ती नोकरीची अट झाली, आणि अट पुरी करण्याचा बाजार उभा राहायला वेळ लागला नाही. शोधनिबंध मोजले जाऊ लागले, तेव्हा पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिकं आली. नक्कल पकडायला सॉफ्टवेअर आलं आणि २०१८च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही असं ठरलं, तेव्हा वाक्यं उलटीपालटी करून साम्य १० टक्क्यांच्या आत आणून देणारी माणसं आली. फेलोशिप घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर पूर्ण रागावताही येत नाही. ज्या घरात महिन्याला खात्रीचा पैसा कधी आलाच नाही, तिथे ३७ हजारांची फेलोशिप म्हणजे घरातला पहिला पगार असतो. पण पैसा संशोधनाचा आहे आणि संशोधन होत नाही, हे नाकारून चालणार नाही. आपलं राज्य श्रीमंत आहे म्हणतात. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या व्हरांड्यात झोपलेले नातेवाईक पाहिले की ते पटत नाही. अशा ठिकाणी खर्चाचा हिशेब मागणारा माणूस अडाणी ठरत नाही.

पण मग हिशेब नीट मागा ना. पंचवीसेक वर्षं मी प्रबंध तपासतोय. त्यातले दोन सांगतो.

पहिल्याचं शीर्षक असं होतं की कुणाही आमदाराने मान डोलवावी. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या समस्या, एका तालुक्याचा चिकित्सक अभ्यास, आणि वर ‘उपाययोजना’सुद्धा. चारशे पानं, रंगीत आलेख, लाल रेक्झिनची बांधणी. चौथ्या प्रकरणात तालुक्याचं नाव अचानक बदललं आणि आम्ही मराठवाड्यात पोचलो. सहाव्या प्रकरणात परत आलो. तीनशे शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्याचं लिहिलं होतं. मी भरलेल्या प्रश्नावल्या मागवल्या, तर एकाच हस्ताक्षरातले, एकाच निळ्या पेनाने भरलेले गठ्ठे आले. दुसरा प्रबंध बैलगाडीच्या भागांच्या नावांवर होता. बंडी, खासर, रेंगी, दमणी. मग जू, शिवळा, तुंबा, आरे, धाव. पोराने गावोगावच्या सुतारांकडे बसून एकेक शब्द टिपला होता. कुणी सांगितला, त्याचं वय काय, तो मूळचा कुठला, सगळं होतं. प्रत्येक भागाचं चित्र स्वतः काढलेलं. आणि शेवटच्या प्रकरणात त्याने सरळ लिहिलं होतं की मी जे गृहीत धरून निघालो होतो ते निघालं नाही, ते असं असं चुकलं. व्हायवाच्या दिवशी बाहेर त्याचे वडील भेटले. हसत म्हणाले, “पोरगं बंडीच्या खिळ्यायचे नावं लिहून डॉक्टर होऊन राह्यलं म्हन्ते, सर. काहून बाप्पा?” आता सांगा, सभागृहात वाचून दाखवायचं ठरलं तर हशा कोणत्या शीर्षकावर पिकेल? आणि करदात्याचा पैसा कोणत्या प्रबंधात बुडाला?

उपयोगाची अट घातली की उपयोग शीर्षकात जाऊन बसतो. पोरं हुशार आहेत, गाइड त्यांच्याहून हुशार आहेत. ‘समस्या’, ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत विकास’ हे शब्द लावले की सिनॉप्सिस मंजूर होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेने हा प्रकार आपल्या आधी करून पाहिला. १९७५मध्ये विल्यम प्रॉक्समायर नावाच्या सिनेटरने सरकारी उधळपट्टीसाठी दरमहा एक टिंगलेचा पुरस्कार सुरू केला, आणि पहिलाच मान मिळाला तो माणसं प्रेमात का पडतात याचा अभ्यास करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामाला. एका शास्त्रज्ञाने पुढे त्याच्यावर खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुरस्कार मात्र तेरा वर्षं चालला. लोकांना मजा आली. त्याने उधळपट्टी कितपत थांबली ते सोडा. शास्त्रज्ञ मात्र शीर्षकं जपून लिहायला शिकले.

आता संशोधनाच्या बाजूच्या लोकांचं आवडतं शस्त्र हातात घेतो. तेही तपासून पाहायला हवं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भाचा. १९५८मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली, त्याला आता साठाहून जास्त वर्षं झाली. इथल्या किती घरांत हातपाय दुखून विव्हळणारं लेकरू आहे ते गडचिरोली-चंद्रपूरच्या आरोग्यसेविकेला विचारा. त्या आजाराचा पाया जनुकात. रुग्णाच्या पेशींतल्या जनुकांत फेरफार करून त्यावर इलाज करणारं, क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्रावरचं पहिलं औषध अमेरिकेच्या औषध नियामकाने ८ डिसेंबर २०२३ला मंजूर केलं. तारीख पुन्हा वाचा. नागपुरात ‘काय दिवे लावणार’ हे विचारलं जाण्याच्या काही दिवस आधीची ती गोष्ट. आणि क्रिस्परच्या गोष्टीची सुरुवात कुठे होते? स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरांत. फ्रान्सिस्को मोहिका नावाचा विद्यार्थी तिथल्या खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर पीएच.डी. करत होता. त्यांच्या डीएनएमध्ये त्याला एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन:पुन्हा आलेला दिसला. १९९३मध्ये त्याने ते छापलं. हे काय आहे हे त्यालाही सांगता येईना, पण त्याने पाठ सोडली नाही. तो सूक्ष्मजीवांचा विषाणूंविरुद्धचा बचाव आहे हे सुचायला आणि छापून यायला २००५ उजाडलं. मग दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांनी ते प्रयोगाने दाखवलं, मग नोबेल, मग औषध. मिठागरातल्या जंतूंवर पीएच.डी.! आपल्या सभागृहात केवढा हशा पिकला असता.

गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण वादात ती टाकली की आपण जिंकलो असं जे समजतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. त्यात दोन उणिवा आहेत. एक, या औषधाची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या मुलीपर्यंत ते कधी पोचेल हे संशोधनावर नाही, राजकारणावर ठरणार आहे. दुसरी खोट जास्त मोठी. एका मोहिकामागे असे हजारो आहेत ज्यांच्या कामातून काहीच निघालं नाही. बक्षीस लागलेलं तिकीट दाखवून लॉटरी हा चांगला धंदा आहे असं पटवता येत नाही. ‘आज नाही तर उद्या उपयोग होईल’ हे वचन देऊन पैसे मागितले, तर उद्या कुणीतरी वसुलीला येणारच, आणि तेव्हा बहुतेकांच्या हाती काही नसेल.

तरीही त्या गोष्टीतून एक धडा निघतो, पण तो वेगळा. १९९३ साली जगातल्या कुठल्याही समितीला, कितीही शहाण्या, हे काम निवडता आलं नसतं. आपल्या जवळचंच घ्या. कापसात गुलाबी बोंडअळी आली की शेतकरी कामगंध सापळे लावतो. मादीच्या वासाने नराला भुलवायचं, ही त्यामागची कल्पना. असा वास नेमका कुठल्या रसायनाचा, हे पहिल्यांदा १९५९मध्ये कळलं. जर्मनीत बुटेनांट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वीस वर्षं खपून, लाखो रेशीमपतंगांच्या माद्यांच्या ग्रंथी गोळा करून ते शोधलं. रेशमाचा पतंग कुठे आणि यवतमाळचा कापूस कुठे. वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षण आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. यांचं काम उपयोगाचं आहे हे सांगायला कुणी लागत नाही. पण या संस्थांमध्ये वापरलं जाणारं निम्मं ज्ञान ज्यांनी शोधलं, त्यांना त्यांच्या काळी ‘याचा उपयोग काय’ म्हणून विचारलं असतं तर ते गप्प राहिले असते. उपयोग आधी ओळखणारा निवडकर्ता अस्तित्वातच नाही. काम प्रामाणिक आहे की नाही हे ओळखणारा मात्र असू शकतो. भरलेल्या प्रश्नावल्या मागवायला फक्त थोडी लाज सोडावी लागते.

स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपूरला आला तो धर्मप्रसाराला. त्याच्या नावाच्या कॉलेजातून शिकलेल्या माझ्या पिढीतल्या कितीजणांना माहीत आहे की हा पाद्री नागपूरच्या टाकळीच्या दगडांमधून गोगलगायींचे, फळांचे जीवाश्म वेचत फिरायचा? लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गोड्या पाण्यातल्या त्या जीवांवर त्याने आणि त्याचा सहकारी हंटर याने १८५०च्या दशकात लिहिलं. डायनोसॉर संपले त्या काळाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास करणारे अजूनही टाकळीचं नाव घेतात. आपण तिथे प्लॉट पाडले. हिस्लॉपने गोंडांची गाणीही लिहून घेतली. १८६३मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना तो ओढ्यात बुडून गेला. मिशनने त्याला यातल्या एकाही कामासाठी पाठवलं नव्हतं.

इथवर विज्ञानाची उदाहरणं दिली की सभ्य माणसं मान हलवतात. मग हळूच म्हणतात, विज्ञानाचं ठीक आहे, पण संस्कृत, इतिहास, जुनी मराठी यांवर कशाला? संशोधनाची बाजू घेणारेसुद्धा इथे आवाज खाली आणतात. मला नेमकं इथे थांबायचं आहे.

ज्या टी-पॉइंटला पोरांना अडवतात, त्या मॉरिस कॉलेजात वासुदेव विष्णु मिराशी संस्कृत शिकवायचे. आता त्या संस्थेला वसंतराव नाईकांचं नाव आहे. मिराशींचं आयुष्य ताम्रपट वाचण्यात गेलं. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचे कोरीव लेख एकत्र करून त्यांनी जो खंड संपादित केला तो १९६३मध्ये निघाला. दीडेक हजार वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून प्रभावतीगुप्ता नावाची विधवा राणी आपल्या अल्पवयीन मुलांच्या वतीने राज्य चालवत होती, हे आपल्याला तांब्याच्या पत्र्यांवरून कळलं. त्यातला एक पत्रा ऋद्धपूरचा. ते पत्रे वाचणारा कुणी नसता तर ती बाई नसतीच. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या. त्या मुद्रेवरची अक्षरं वाचता आली ती ‘निरुपयोगी’ शिक्षणामुळे. आणि याच मिराशींनी वाकाटकांची दुसरी राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असं मांडलं होतं. पुढे मनसरला उत्खनन झालं, पुरावे निघाले, आणि बरेच अभ्यासक मनसरकडे झुकले. कुणी मिराशींचा पुतळा जाळला नाही, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. इतक्या मोठ्या माणसाचं म्हणणं पुराव्याने बदलता येतं आणि त्यात त्याचा अपमान होत नाही. इतिहासावरून आठवड्याला एक बस फोडणाऱ्या राज्यात ही सवय जिवंत ठेवण्याची किंमत किती धरायची?

अन् ३ ऑक्टोबर २०२४ आठवा. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फटाके फुटले, पेढे वाटले, श्रेय कुणाचं यावरून पक्षांची भांडणं झाली. तो दर्जा भाषेच्या प्रेमावर मिळत नाही, पुराव्यावर मिळतो. रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले ते नाणेघाटच्या ब्राह्मी लेखापासून, गाथासप्तशतीपासून लीळाचरित्रापर्यंतचे. लीळाचरित्र काही दुकानात पडून नव्हतं. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. ती लिपी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी उलगडली, आणि पाठांची तुलना करत पोथ्या तपासण्यात आमच्या नागपूरच्या वि. भि. कोलत्यांची कितीतरी वर्षं गेली. त्यांना कुणी विचारलं असेल का, कोलते, तेराव्या शतकातला साधू काय जेवला आणि कुणाशी काय बोलला हे शोधून काय दिवे लावणार? विचारलंच असेल. नागपूर आहे हे. ज्या सरकारांनी अभिजात मराठीचे फलक लावले, त्यांनी दिवा लावला तो कोलत्यांच्या तेलावर. हाही उपयोगच झाला की, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. कोलते त्यासाठी बसले नव्हते आणि तसे बसले असते तर पाठ बिघडला असता. मराठी फार जुनी ठरायलाच हवी असं मनात धरून पोथी वाचणारा माणूस पोथीत तेच वाचतो. नंतर कुणी तपासलं की सगळाच पुरावा संशयात येतो.

गरिबीचा मुद्दा उरतो. आधी दवाखाना, मग ताम्रपट, असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं? आपला देश सगळ्या संशोधनावर मिळून, क्षेपणास्त्रं आणि औषधं धरून, २०२०-२१च्या आकड्यांनुसार देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात ताम्रपटाचा वाटा शोधायला भिंग लागेल. दवाखान्याचा पैसा ताम्रपटाने खाल्लेला नाही. तो कुठे गेला हे टी-पॉइंटच्या पलीकडे बसलेल्यांना मोर्चेकऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. आणि या गरीब राज्यातल्या पोराने अमुकच शिकावं हे ठरवताना जरा जपून. शतकानुशतकं ज्यांना अक्षर नाकारलं, त्यांची नातवंडं आता फेलोशिप घेऊन संशोधनाला बसली आहेत, आणि नेमकं आताच आपल्याला संशोधनाचा उपयोग विचारायची आठवण झाली, या योगायोगाकडे मी डोळेझाक करू शकत नाही. पण म्हणून त्यांच्या वाईट प्रबंधाला दया दाखवा असं मी म्हणणार नाही. ती दया म्हणजे दुसऱ्या प्रकारचा अपमान. त्यांनाही तोच निर्दय प्रश्न विचारा, आणि विचारण्याआधी पैसे वेळेवर द्या.

पुढच्या डिसेंबरात कुणा आमदाराला खरंच हिशेब हवा असेल तर एक साधा तारांकित प्रश्न लावावा. राज्यातल्या विद्यापीठांनी गेल्या पाच वर्षांत किती प्रबंध नाकारले? किती विषयांना मंजुरी दिली ते नको, किती पदव्या दिल्या तेही नको, फक्त नाकारलेले. मी स्वतः इतक्या वर्षांत एकच प्रबंध सपशेल नाकारला, तो चौथ्या प्रकरणात मराठवाड्यात गेलेला. विद्यापीठाने माझा अहवाल बाजूला ठेवून तो दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवला. दीड महिन्यात पदवी मिळाली. सत्काराची पत्रिका मलाही आली होती.